उजव्या बाजूची वाक्यं

ह्यांना सांभाळायला ठेवलेली बाई चपला हातात घेऊनच गेली. पायात घालायलाही थांबली नाही. जिन्यात वळून मला म्हणाली, "काकू, तुमच्याबद्दल काही नाही. पण त्या डब्याला एकदा फडक्यात गुंडाळा आणि विहिरीत टाकून या."

डबा म्हणजे आमच्या ह्यांचा आवाज. पलंगाच्या उशाशी ठेवलेला तळहाताएवढा स्पीकर. ह्यांच्या ऑफिसातल्या मीटिंगांची जुनी रेकॉर्डिंगं होती, त्यांवरून हा आवाज बनवून घेतला होता, अगदी हुबेहूब. त्या डब्यानं नुकतंच बाईला सुनावलं होतं, "म्हैससुद्धा पाय बघून टाकते. तू चालती हो." घडलं काय होतं, तर ह्यांचा पाय उचलून ठेवताना तिच्या हातून जरा आपटला. बस, एवढंच.

ह्यांचं नाव उल्हास. आईवडलांनी काय बघून ठेवलं देव जाणे. उल्हास कुंभोजकर, मिरजेजवळच्या एका दूध संघात कॉम्प्युटर विभागाचे प्रमुख. जिभेला हाड नाही म्हणून अख्ख्या संघात प्रसिद्ध. लग्नात माझ्या आत्यानं मला समजावलं होतं, "फणस आहे गं, बाहेरून काटे, आत गरे." मी शैलजा. मुलींच्या शाळेत शास्त्र शिकवत होते, आता निवृत्त आहे. गरे शोधण्यात माझा जन्म गेला आणि हात तेवढे चिकट झाले.

मग ह्यांच्या मेंदूच्या देठात रक्ताची गुठळी अडकली. देठ म्हणजे मेंदू जिथे पाठीच्या कण्याला जोडला जातो ती जागा. वर सगळं शाबूत, खाली काहीच पोचत नाही. हात नाही, पाय नाही, जीभ नाही. कानही त्याच झटक्यात गेले. उरली फक्त डोळ्यांची वरखाली हालचाल आणि आतला अख्खा माणूस.

शाळेतल्या मुलींना सांगायचे तसं सांगते. मेंदूत हालचालीचा एक पट्टा असतो. बोट हलवायचं ठरवलं की तिथल्या पेशी ठरावीक पद्धतीनं जाग्या होतात. देठ तुटला म्हणून त्या झोपत नाहीत. हुकूम सुटतो, फक्त वाटेत हरवतो. डॉक्टर मगदूमबाईंनी त्या पट्ट्यावर केसापेक्षा बारीक तारा बसवल्या आणि ह्यांना मनातल्या मनात बोलायला सांगितलं. सगळा गोंधळ निघाला. मग सांगितलं, की मनातल्या मनात टाईप करा. आणि पडद्यावर एकेक अक्षर स्वच्छ उमटायला लागलं. मगदूमबाई चकितच झाल्या. मी नाही झाले. ह्या माणसानं उभ्या जन्मात माझ्याशी जेवढं बोलून घेतलं नसेल तेवढं कीबोर्डाशी बोलून घेतलं होतं.

टाईप करायला ह्यांना हवा होता तो "टाक". टाक म्हणजे काळ्या पडद्यावर लिहायचा एक जुनापुराणा प्रोग्राम. माऊस नाही, चित्रं नाहीत, वर बटणांची पट्टी नाही. ह्यांनी सगळी नोकरी त्यात काढलेली. हॉस्पिटलनं दाखवलेले नवे गुळगुळीत प्रोग्राम ह्यांनी बघायलाही नकार दिला. शेवटी टाक ह्यांच्या चष्म्याच्या काचेवर आणून बसवला. समोरचा माणूस बोलला की तेही काचेवर अक्षरांत दिसायचं. फक्त डब्याचा आवाज चष्मा वगळायचा, म्हणजे आपलंच बोलणं परत डोळ्यांसमोर नाचायला नको. काचेवर काय चाललंय ते ह्यांनाच दिसायचं. आम्हाला फक्त ऐकू यायचं.

मला टाक ह्यांनीच शिकवला, पलंगावरून, डब्यातून, शिव्या देत. मी शेजारी लॅपटॉप घेऊन बसायची.

"अवस्था दोन," डबा म्हणायचा. "लिहिण्याची आणि हुकमाची. आय दाबलं की लिहायचं. एस्केप दाबलं की तीच अक्षरं हुकूम होतात. एक्स म्हणजे अक्षर खोड. डी दोनदा म्हणजे अख्खी ओळ उडव. यू म्हणजे केलेलं परत घे. डब्ल्यू म्हणजे पाठव." पाठव म्हणजे डब्यातून बोल. मी चुकले की लगेच, "अवस्था बघ, गाढवा!"

आणि एक दिवस हे स्वतःच फसले. सोसायटीच्या अध्यक्षांना पाण्यावरून झाडायचं होतं. रागाच्या भरात आय दाबायला विसरले आणि हुकमाच्या अवस्थेतच सगळी आग ओकले. टाक बिचारा आज्ञाधारक. त्यानं प्रत्येक अक्षर हुकूम समजून पाळलं. सकाळभर लिहिलेलं निम्मं उडालं आणि उरलेल्यातल्या ओळी एकमेकींच्या डोक्यावर बसल्या. नेमकं काय झालं ते कळल्यावर मला हसू आवरेना. ह्यांनी एकेक यू दाबत सगळं जागेवर आणलं.

"शैले," डबा म्हणाला, "देवानं यू दिला असता तर बरं झालं असतं."

असं काही हे वर्षातून एखादं बोलायचे. बाकी सगळे काटे.

सेटिंगची फाईल हा ह्यांचा जीव. ओळींना आकडे दाखव. शोधताना लहानमोठं अक्षर सारखंच धर. कंस उघडला की त्याचा जोडीदार दाखव. खोडलेलं विसरू नको. अशा एकेक ओळी नोकरीभर साठवलेल्या, लोणच्याच्या बरणीसारख्या जपलेल्या. ह्यांनी त्यातली एकही कधी पुसली नाही. नको झाली की ओळीच्या आधी एक अवतरणचिन्ह टाकायचं. ओळ झोपते. दिसते, पण चालत नाही. "काय सांगावं, उद्या लागली तर?" असं म्हणायचे.

त्या फाईलच्या तळाशी "जाताना बदल" नावाचा एक भाग होता. डब्याचे काही उच्चार चुकायचे. चमच्यातला च तर तो असा काही म्हणायचा की मुलींच्या शाळेत छडी मिळाली असती. म्हणून डावीकडे ह्यांनी लिहिलेला शब्द, उजवीकडे डब्याला कळेल तसा लिहिलेला शब्द. वाक्य पाठवलं की जाता जाता डाव्याचा उजवा व्हायचा. ह्यांच्या काचेवर मात्र जे लिहिलं तेच राहायचं. ह्या ओळी मी टाईप करायची, कारण ह्यांना एकेक अक्षराला वेळ लागायचा.

चपला हातात घेऊन बाई गेली त्या दुपारी मी जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप उघडला. मला एकटीला ह्यांची कूस बदलता येत नव्हती. माझी पाठ गेलेली. नवी बाई मिळाली असती, पण तीही टिकली नसती. पाठीवर जखमा झाल्या असत्या त्या ह्यांच्याच.

मी "जाताना बदल" मध्ये डावीकडे लिहिलं, चालती हो. उजवीकडे लिहिलं, जरा थांबतेस का.

मग गाढवचं बाळ केलं. अक्कल नाही, ह्याचं असू दे, होतं असं. ह्याला काय चव आहे, ह्याचं छान झालंय. घास भरवताना "नको" ऐकून माझा हात दुखायचा, म्हणून नको, ह्याचं चालेल. बाईसाठी म्हणून सुरू केलं आणि हात थांबेना. लग्नापासूनचं सगळं वर यायला लागलं. शाळेतून यायला उशीर झाला की दारातच ऐकायचे ते, मेलीस का कुठे. त्याच्यासमोर लिहिलं, दमलीस का.

डावीकडची वाक्यं आठवावी लागली नाहीत. ती पाठच होती. उजवीकडची सुचायला वेळ लागला, कारण मी ती कधी ऐकलीच नव्हती.

आठवड्यात नवी बाई आली, शमा. किल्ल्याच्या बाजूला राहणारी, दणकट, सतत बडबडणारी. पहिल्याच दिवशी तिनं पाण्याचा पेला ह्यांच्या अंगावर सांडला. डबा म्हणाला, "असू दे, होतं असं, बाळ."

"काकू, काका किती गोड आहेत हो!" शमा म्हणाली.

मी स्वयंपाकघरात जाऊन तोंडाला पदर लावला. हसत होते की रडत होते, मलाच कळेना.

शमा टिकली. ह्यांच्या पाठीवरच्या जखमा भरल्या. सोसायटीत बोलबाला झाला, की कुंभोजकर आजारानं निवळले. अध्यक्षही येऊन गेले. मी सगळ्यांना चहा द्यायची आणि मन आतल्या आत खात राहायचं. बोलू न शकणाऱ्या माणसाकडे फक्त एक तोंड उरलेलं, तेही लोखंडी, आणि त्यात मी माझी जीभ बसवली होती.

एकदा वाटलं, निदान एखादी ओळ तरी काढावी. फाईल उघडली. तेवढ्यात गॅसवर दूध उतू गेलं, ते पुसतेय तोवर दाराची बेल वाजली, शेजारीण आली, आणि लॅपटॉप तसाच उघडा राहिला. त्या दिवशी दुपारभर हे एक शब्दही बोलले नाहीत. संध्याकाळी मी कपड्यांच्या घड्या घालत बसले तेव्हा डबा म्हणाला, "दमलीस का?"

ते वाक्य आधीही एकदोनदा आलं होतं. पहिल्यांदा आलं तेव्हा माझे डोळे भरून आले होते, आणि मग आठवलं की लिहिणारी मीच. आपणच आपली पाठ थोपटून घ्यावी तसं ते. काचेवर ह्यांनी काय लिहिलंय ते मला ठाऊक होतं. मेलीस का कुठे. उत्तर कुणाला द्यायचं, माझ्याच वाक्याला? मी मान खाली घालून घड्या घालत राहिले.

त्यानंतर ती फाईल मी उघडलीच नाही. आपण मारलेला डल्ला पुन्हा कोण मोजतं?

पण वाक्य येतच राहिलं. रोज, मी जरा टेकले की. "दमलीस का?" आणि मी रोज काहीतरी उचलायची. पेला, टॉवेल, रिमोट. उठून आत जायची.

एक दिवस शमा कौतुकानं सांगायला लागली, "काल काका मला म्हणाले, शमा, तुझ्या हाताला गुण आहे. माझ्या सासूनं पण कधी म्हटलं नाही."

मी विचारात पडले. हे कुठल्या शिवीचं झालं? असलं वाक्य घातल्याचं आठवेना. पण त्या दुपारी हात नुसता सुटला होता. घातलं असेल.

पावसाळा सरला आणि मगदूमबाईंचा फोन आला. नव्या तारा निघाल्या होत्या. एका कंपनीची चाचणी होती, त्यात ह्यांना घ्यायला ती तयार होती. ह्या तारा बोटांच्या पट्ट्यावर नाही, बोलण्याच्या पट्ट्यावर बसणार. माणूस वाक्य जुळवायला लागला की यंत्र पुढचं ओळखणार आणि लगेच बोलून टाकणार. आमच्याएवढ्या वेगानं. कंपनीच्या माणसानं घरी येऊन मला एका पेशंटचा व्हिडिओ दाखवला. तो मनुष्य बायकोशी क्रिकेटवरून भांडत होता, तडातडा. मी तो व्हिडिओ परत लावायला सांगितला.

"शिवाय यात सौम्यतेचं सेटिंग आहे, काकू," तो अभिमानानं म्हणाला. "आजारपणात माणसं कडवट होतात ना? तसलं वाक्य यंत्र आपोआप गोड करून देतं."

माझ्या कानांच्या पाळ्या तापल्या. मी चोरून केलं ते हे लोक पत्रकात छापून विकत होते.

मगदूमबाईंनी आडपडदा ठेवला नाही. "जुन्या तारा काढाव्या लागतील. काढल्या की तिथे व्रण धरतो, त्या परत बसत नाहीत. नवं आवडलं नाही तरी परतीचा रस्ता नाही. म्हणून त्यांचा होकार त्यांच्याच शब्दांत हवा, कॅमेऱ्यासमोर."

हे काय म्हणतील ते मला माहीत होतं. माझ्या त्या ओळींच्या आधी, असल्या यंत्राची बातमी आली होती तेव्हाच म्हणाले होते, "जे वाक्य मी बघितलं नाही ते माझ्या तोंडातून जाऊ देणार नाही." टाकमध्ये वाक्य लिहायचं, बघायचं, खोडायचं, पटलं तर पाठवायचं. माणूस म्हणून ह्यांच्याकडे एवढंच उरलं होतं. आणि मला? मला तडातडा भांडणारा नवरा हवा होता. खोटं कशाला बोलू.

कॅमेरा लावला. मगदूमबाईंनी सावकाश सगळं सांगितलं, व्रणाचं, परतीच्या रस्त्याचं, आणि विचारलं, "कुंभोजकर, करायचं ऑपरेशन?"

ह्यांची नजर वर गेली, काचेवरून माझ्याकडे.

"चालेल," डबा म्हणाला.

कंपनीच्या माणसानं टाळी वाजवली. मला दिसत होतं ते डावीकडचं. नको. काचेवर स्पष्ट लिहिलेलं असणार, नको, आणि ह्यांना वाटत असणार की आपण नाही म्हटलं आणि ही माणसं टाळ्या वाजवतायत. तोंड उघडायला हवं होतं. मी पर्सची चेन लावली, उघडली, परत लावली. ह्यांची नजर माझ्यावरून हलत नव्हती. मी वर बघितलंच नाही.

पुढचे काही दिवस मी लॅपटॉपभोवती घुटमळत राहिले. लॅपटॉप उघडायचा, ती एक ओळ झोपवायची आणि परत विचारायचं, पाच मिनिटांचं काम. दोनदा झाकण वर केलं आणि दोनदा खाली केलं. विचारलं असतं तर नको ऐकावं लागलं असतं. शमा म्हणायची, "काकू, तुमचाच चेहरा ऑपरेशनवाला झालाय." मी तिच्यावर खेकसायची. हे मात्र सगळ्याला चालेल, चालेल म्हणत होते. भात चालेल, कूस बदललेली चालेल, अध्यक्षांनी भेटायला आलेलं चालेल. प्रत्येक चालेल माझ्या कानशिलात बसत होतं.

ऑपरेशनच्या दिवशी सकाळी हॉस्पिटलात न्हावी आला.

"केस काढू काका?"

"चालेल."

नर्स आली. "इंजेक्शन देते हं."

"चालेल."

वस्तरा फिरायला लागला. पांढऱ्या केसांचे पुंजके चादरीवर पडायला लागले आणि माझा धीर सुटला. मी धावत बाहेर गेले आणि कॉरिडॉरमध्ये मगदूमबाईंना धरलं.

"डॉक्टर, तो होकार माझा आहे. ह्यांचा नाही."

सगळं सांगितलं, बाईपासून चमच्यापर्यंत, उभ्या उभ्या, जाणाऱ्यायेणाऱ्यांसमोर. मगदूमबाई वयानं माझ्यापेक्षा लहान, पण अशा बघायला लागल्या की मी बाकावरची मुलगी झाले.

"तुम्ही शास्त्राच्या शिक्षिका ना?" त्या म्हणाल्या. "एका माणसाचं डोकं उघडणार होते मी. तुमच्या शब्दावर."

मग त्याच म्हणाल्या, "लॅपटॉप आणा. त्यांच्यासमोर उघडा. आणि तुम्हीच सांगा त्यांना."

न्हाव्याला बाहेर पाठवलं. अर्धं डोकं भादरलेलं, अर्धं तसंच. मी काचेसमोर तोंड करून म्हटलं, "अहो, मी तुमच्या शब्दांत ढवळाढवळ केली. कधीपासूनच. तुम्ही बोलता ते बाहेर जातच नाही." सेटिंगची फाईल उघडली, तळाशी गेले, आणि बघतच राहिले.

माझ्या प्रत्येक ओळीच्या आधी एक अवतरणचिन्ह होतं.

चालती हो, झोपलेली. गाढव, झोपलेली. मेलीस का कुठे, झोपलेली. नको, झोपलेली. वरच्या चमच्याच्या ओळी तेवढ्या जाग्या. आणि हाताला गुण आहे, अशी ओळ तिथे कुठेच नव्हती.

"म्हणजे हे बदल होतच नव्हते?" मगदूमबाई माझ्या खांद्यावरून वाकून म्हणाल्या. "मग होकार त्यांचाच. देवा, किती घाबरवलंत!" त्यांनी सुस्कारा सोडला आणि नर्सला हाक मारायला वळल्या.

मलाही हायसं वाटायला हवं होतं. मी ह्यांना विचारलं, "तुम्हाला कधी कळलं?"

डबा सावकाश बोलायला लागला. एकेक वाक्य, मध्ये मोठी वाट बघायला लावून.

"दूध उतू गेलं त्या दिवशी. मी फाईल उघडायला गेलो. टाक म्हणाला, ही फाईल दुसरीकडे उघडी आहे. उघडणारी शैलजा."

दोन जणांनी एकच फाईल उघडली की टाक दुसऱ्याला सावध करतो. हेही ह्यांनी मला शिकवलं होतं. "बाहेर पडल्याशिवाय उठू नकोस," शंभरदा सांगितलं होतं. आणि मी दूध पुसायला पळाले होते.

"आधी भयंकर चिडलो. तुझी खरडपट्टी काढायला वाक्यं जुळवत होतो. मग डावी बाजू वाचली."

दारात नर्स येऊन उभी राहिली.

"एवढं सगळं मी बोललो होतो, शैले?"

मी मान हलवली, पण चष्म्याला मान कळत नाही.

"ओळी झोपवल्या. उजवी बाजू पाठ केली. त्यातलंच बोलत होतो. तुला फरक कळू नये म्हणून."

मगदूमबाईंनी नाक पुसलं. मी मात्र 'नको, चालेल' ह्या झोपलेल्या ओळीकडे बघत होते.

"अहो," मी म्हटलं, "आणि चालेल?"

मी त्या ओळीवर बोट ठेवलं. "ऑपरेशनला म्हणालात ते चालेल कुठलं?"

"तेही उजवीकडचं," डबा म्हणाला. "तुला हवं होतं ना?"

मगदूमबाईंचा हात दरवाज्यावर होता, तो तिथेच थांबला. मी एका माणसाच्या तोंडात माझी वाक्यं घातली होती. त्यानं ती काढून टाकली नाहीत, गिळली. यंत्रातली ओळ झोपली होती, माणूस ती चालवत होता. पोळ्या, गोळ्या, अध्यक्ष, इंजेक्शन, सगळ्याला चालेल म्हणत होता, आणि आता स्वतःचं डोकंही उघडून द्यायला निघाला होता, का तर मी एका दुपारी तसं लिहिलं होतं म्हणून.

मी काचेच्या अगदी जवळ गेले. "डावीकडचं सांगा. माझी शपथ आहे तुम्हाला. डावीकडचं काय होतं?"

वाट बघितली. ह्यांचे डोळे भरलेले, पुसता येत नाहीत, पाणी सरळ कानात जात होतं.

"नको," डबा म्हणाला. आणि मग, "नको. नको गं. मला माझा टाक राहू दे."

"नको म्हणालेत," मी मगदूमबाईंना म्हटलं. जणू त्यांना ऐकू आलं नव्हतं. त्यांनी नर्सला परत पाठवलं आणि स्टुलावर बसून कागदावर काट मारली.

घरी आल्यावर मी ह्यांच्यासमोर फाईल उघडली आणि डी दोनदा दाबत माझ्या ओळी उडवायला लागले. उडवली की परत यायची. बघते तर पलंगावरून हे यू दाबतायत.

"पुसू नकोस," डबा म्हणाला. "झोपलेल्या राहू दे. मला मधूनमधून डावी बाजू बघायला लागेल."

"पण आता पाठ केलेलं बोलायचं नाही," मी म्हटलं. "जे येईल ते."

"बघ हं."

"बघितलंय जन्मभर."

दुसऱ्या दिवशी शमानं चहा भरवला तर डबा कडाडला, "हा चहा आहे की भांडी विसळलेलं पाणी?" शमा घाबरून माझ्याकडे पळत आली. "काकू, काकांना ताप चढलाय का?"

"नाही गं," मी म्हटलं, "उतरलाय. आणि चहा खरंच पाणचट करतेस तू." ती दोन दिवस फुगून बसली, पण गेली नाही. मग तीही काकांना उलटून बोलायला लागली आणि दोघांचं छान जमलं.

मला मात्र एकच गोष्ट टोचत होती. दूध उतू गेलं त्या दिवसापासून रोज एक माणूस मला विचारत होता आणि मी पेला उचलून आत जात होते. त्यातलं पाठ केलेलं किती आणि मनातलं किती, हे विचारायची माझी हिंमत नव्हती. आता तर विचारायचंही थांबलं होतं. मी टेकले की डबा गप्प असायचा.

शनिवारी मंडईतून यायला मला उशीर झाला. लिफ्ट बंद, दोन्ही हातांत पिशव्या, पाठीत कळ. दार ढकलते तोच डबा गरजला.

"मेलीस का कुठे?"

मी पिशव्या खाली ठेवल्या. डावी बाजू, जशीच्या तशी. बरं वाटलं आणि वाईटही वाटलं. आत जायला वळले, पण डब्याचा बारीक दिवा अजून लुकलुकत होता. म्हणजे हे अजून लिहीत होते. मी उंबऱ्यातच उभी राहिले.

"दमलीस का?"

मी पलंगाजवळ गेले. हातात उचलायला काही घेतलं नाही. चष्म्याला नीट ऐकू जावं म्हणून वाकले.

"हो," मी म्हटलं. "फार दमलेय. तुम्ही रोज विचारत होता ना, तेव्हाही दमलेलीच असायची."